फ्रेंच पळतात हे सगळ्यांना माहीत होतं

"तुमच्या कामाबद्दल लिहा हो, लोकांना फार उत्सुकता आहे," असं संपादकांनी दोनदा फोन करून सांगितलं. लोकांना उत्सुकता नसते, हे मी अनुभवावरून सांगतो. बारा वर्षांत आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी "तुम्ही नक्की करता काय?" असं विचारलं आहे, आणि मी उत्तराच्या दुसऱ्या वाक्यावर पोचेपर्यंत समोरच्याची नजर जेवणाच्या रांगेकडे वळलेली असते. तरीही लिहितो. हा लेख सहाव्यांदा सुरू करतो आहे. दोन ओळी झाल्या की उठतो, पाणी पितो, बाल्कनीत जाऊन खालच्या बसथांब्याकडे बघतो, परत येतो. बसून लिहिणं पूर्वी जमायचं. आता जमत नाही, त्यामुळे लेख थोडा तुटक झाला तर समजून घ्यावं.

मी युद्धाच्या खेळांमध्ये आकडे भरतो. संगणकावर खेळायचे खेळ. गोळ्या झाडत धावायचे नव्हेत, तर नकाशावर सैन्यं हलवायचे. इथल्या तांजोंग पगार भागात एका जुन्या शॉपहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी आहे, खाली चष्म्यांचं दुकान. पुण्यात मी इतिहासात एम.ए. केलं होतं आणि दोन कॉलेजांत तासांवर शिकवत होतो. बायकोला, मृणालला, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत नोकरी लागली आणि मी तिच्यामागे डिपेंडंट पासवर इथे आलो. वर्षभर स्वयंपाक केला, मुलीला शाळेत सोडलं, लायब्ररीत बसून युद्धांची पुस्तकं वाचली. मग मृणालनेच ही जाहिरात शोधली. "बघ, यांना इतिहास येणारा माणूस हवाय. जगात असं कोणी आहे हे मला माहीतच नव्हतं," असं म्हणाली होती.

काम असं. खेळातली प्रत्येक तुकडी म्हणजे एका मोठ्या तक्त्यातली एक ओळ. त्या ओळीत रकाने: माणसं किती, तोफा किती, वेग किती, दमतात किती लवकर. हे सगळं पुस्तकांत सापडतं. शेवटचा रकाना पुस्तकांत सापडत नाही. त्याचं नाव मनोधैर्य. शून्यापासून शंभरपर्यंत आकडा द्यायचा. गोळीबार झाला की तो उतरतो, अन्न संपलं की उतरतो, शेजारची तुकडी पळाली की धाडकन उतरतो. ठरावीक रेषेच्या खाली गेला की तुकडी मोडते आणि पडद्यावर तिच्या डोक्यावर पांढरा झेंडा येतो. मेलेल्या माणसांच्या धैर्याला गुण देण्याचा पगार मला मिळतो. कॉलेजात पेपर तपासायचो, त्याच्यापेक्षा हे अवघड आहे, कारण इथे उत्तरपत्रिका नसते.

खेळ विकला गेला की पत्रं येतात. बेल्जियमच्या एका गृहस्थांनी कळवलं की आमच्या नकाशातला त्यांच्या गावचा कालवा फार अरुंद आहे. त्यांनी स्वतः टेप लावून मोजला होता आणि टेपचा फोटो जोडला होता. आम्ही कालवा रुंद केला. एक बाई दर हिवाळ्यात लिहितात की आमचा बर्फ चुकीच्या दिवशी पडतो. साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी इंग्रजीत चार पानी पत्र लिहून विचारलं की एकोणीसशे चाळीस साली फ्रान्समध्ये हिंदुस्थानी सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या होत्या, त्या कुठे आहेत? ते बरोबर होते. मी शोधलं, वाचलं, आणि खेचरं घातली. मनोधैर्याचा आकडा दिला पंच्याण्णव. आमच्या खेळात सगळ्यात न डगमगणारी फौज खेचरांची आहे, आणि याचा मला अभिमान आहे.

आता फ्रेंचांकडे येतो. टाळत होतो.

फ्रेंच सैन्य हा आमच्या धंद्यातला कायमचा विनोद आहे. कुठल्याही खेळाच्या चर्चेत जा, तिसऱ्या वाक्याला कोणीतरी पांढऱ्या झेंड्याचं चित्र टाकतं. विनोद करणाऱ्यांना एकच गोष्ट माहीत असते: एकोणीसशे चाळीसमध्ये जर्मन आले आणि फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला. त्याच्या चोवीस वर्षं आधी, पहिल्या महायुद्धात, व्हर्दनला हेच फ्रेंच दहा महिने चिखलात उभे राहिले आणि हटले नाहीत, हे त्यांच्या गावी नसतं. त्याआधीची कित्येक शतकं अख्खा युरोप यांना वचकून होता, हेही नसतं. मला हे सगळं माहीत होतं. मी ते शिकवलेलं होतं. म्हणून पुढची चूक माझी आहे, इतर कोणाची नाही.

दोन्ही महायुद्धांवरचा मोठा खेळ आम्ही करत होतो तेव्हा मृणालची केमोथेरपी सुरू होती. तीन आठवड्यांतून एकदा हॉस्पिटलात जायचं, दिवसभर ती तिथल्या आरामखुर्चीत नळी लावून बसायची आणि मी शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन. चाळीस सालची मोहीम नीट चालत नव्हती. खेळात फ्रेंच फारच टिकत होते, पॅरिस पडतच नव्हतं. योग्य मार्ग असा की शंभरेक तुकड्या एकेक करून तपासायच्या. कोण मोडली, कोण टिकली, वाचून आकडा द्यायचा. महिन्याभराचं काम. पण तक्त्याच्या सगळ्यात वर प्रत्येक देशाची एक मुख्य ओळ असते, आणि खालच्या सगळ्या ओळी तिच्याकडून आकडा घेतात. मी त्या मुख्य ओळीत सत्तरचे तीस केले. पॅरिस पडलं. हुई मिन, आमची मालकीण, फोनवर इथल्या इंग्रजीत म्हणाली, "गुड लाह, नाऊ यू गो टेक केअर ऑफ युवर वाइफ."

मुख्य ओळ फ्रान्सची होती, चाळीस सालच्या फ्रान्सची नव्हे. व्हर्दनच्या तुकड्यासुद्धा तिच्याखालीच होत्या. मी एका आकड्याने त्यांचंही धैर्य काढून घेतलं, आणि मला ते कळलं नाही.

त्यानंतर दीड महिन्याने, सहा फेऱ्या आणि मग दुसऱ्या औषधाच्या चार फेऱ्या झाल्यावर, मृणालने आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं की ती आता थांबणार आहे. डॉक्टरांनी आणखी एका औषधाचं नाव सांगितलं होतं. फार उपयोग होईल असं तेही म्हणत नव्हते, पण नाव होतं. मी वाद घातला. मृणाल शांतपणे म्हणाली, "अरे, मला आता घरी राहायचंय." आणि मी म्हणालो, "इतक्यात शस्त्रं टाकलीस? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

आमची मुलगी इरा तेव्हा सतरा वर्षांची. ती तिथेच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली होती. तिने पान उलटलं. (इरा हे तिचं खरं नाव नाही. लेखात लिहू का असं विचारलं, तर म्हणाली, "चेंज माय नेम, दॅट्स ऑल.") मृणाल उठून डाळ गरम करायला गेली. पुढे नऊ आठवडे ती होती. त्या नऊ आठवड्यांत मी ते वाक्य मागे घेतलं नाही. उद्या घेऊ, असं वाटत राहिलं.

खेळ त्याच वर्षअखेरीस बाजारात गेला.

बाजारात जाण्याआधी तपासणी होते, आणि तपासणीत ही चूक कशी सापडली नाही हे सांगायला हवं, कारण आमच्या धंद्याची सगळी गंमत त्यात आहे. आमचे तपासनीस दिवसभर खेळ खेळतात. काही बिघडलेलं दिसलं की अर्ज भरतात. अर्जात दोन मुख्य रकाने: 'काय अपेक्षित होतं' आणि 'काय घडलं'. दोन्हींत फरक असेल तरच ती चूक. फरक नसेल तर अर्जच होत नाही. हाफिझ हा आमचा मुख्य तपासनीस, सैन्यातली सक्तीची दोन वर्षं करून आलेला, अतिशय बारीक नजरेचा माणूस. खेचरांच्या पाठीवरचं खोगीर एका बाजूला कललं होतं तर त्याने अर्ज भरला होता. त्याच्या सहा माणसांनी व्हर्दनची लढाई चाळीसेक वेळा खेळली. प्रत्येक वेळी दुसऱ्या चालीत फ्रेंचांच्या डोक्यावर पांढरे झेंडे आले. ते हसले, त्याची चित्रफीत करून एकमेकांना पाठवली, आणि पुढे गेले. अपेक्षित: फ्रेंच पळतील. घडलं: फ्रेंच पळाले.

गिऱ्हाइकांचंही तेच. हजारो लोक खेळले. एका परीक्षणात आमच्या 'ऐतिहासिक अचूकतेचं' कौतुक होतं. ज्याला त्याला हे माहीतच होतं, त्यामुळे आठ महिने कोणालाही दिसलं नाही.

खेळ बाजारात गेला त्याच सुमारास आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एक गोष्ट घडली. तुमच्यापैकी काही जण तिथे होते. एक काकू इराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आई फार धीराची होती हो तुझी. शेवटपर्यंत लढली." इरा हातातल्या करंजीकडे बघत म्हणाली, "नो लाह, आंटी. शी गेव्ह अप." काकूंना हे कुठून आलं ते कळेना. मला कळत होतं, कारण ते वाक्य माझं होतं. मी मराठीत म्हणालो होतो, तिने इंग्रजीत म्हटलं, एवढाच फरक. मी दोन पावलांवर ताट धरून उभाच राहिलो.

तेव्हापासून घरात मृणालचा विषय निघाला की इरा खोलीत जायची. मी सांगायचं ठरवायचो: तुझी आई केमोच्या तिसऱ्या दिवशी पासिर रिसच्या घरून एमआरटीची मेट्रो धरून ऑफिसला जायची, ताना मेराला गाडी बदलताना बाकावर बसून घ्यायची, पण आपलं काम दुसऱ्याला नीट सोपवल्याशिवाय तिने रजा घेतली नाही. हे इराला माहीत होतं. पण मी जो शब्द वापरला होता त्याच्यापुढे या माहितीचं काही चालत नव्हतं. आईची आठवण त्या एका शब्दाखाली गेली होती, आणि तो शब्द काढायचा कसा ते मला येत नव्हतं. मी रात्रंदिवस नव्हे, पण बहुतेक वेळ त्याच विचारात असायचो. एमआरटीत उभं राहवत नसे. डबा बदलायचो, मध्येच उतरायचो, पुढच्या गाडीत चढायचो.

एका मंगळवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून सत्तरीचे एक गोरे गृहस्थ वर आले. हातात कापडी पिशवी, एका गुडघ्यात लचक. गिऱ्हाईक प्रत्यक्ष कधी येत नाही. आम्हाला पाहुण्याला बसवायला खुर्चीसुद्धा नव्हती. त्यांचं नाव एतिएन. आयुष्यभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केली, बायको इथली, घर काटोंगला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वेळ जावा म्हणून त्यांनी आमचा खेळ घेतला होता.

"फ्रेंच सैन्याचे आकडे कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

हाफिझने माझ्याकडे बोट केलं आणि कॉफी आणायला निघून गेला.

"तुम्ही?"

"मी."

"तुम्ही फ्रेंच नाही."

"नाही."

"बरं झालं. असता तर जास्त वाईट वाटलं असतं. व्हर्दन उघडा."

मी उघडलं. "चालवा," ते म्हणाले. मी पहिली चाल चालवली, दुसरी चालवली. पांढरे झेंडे आले. ते माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. "दहा महिने," ते म्हणाले. "माझ्या गावच्या स्तंभावर त्या दहा महिन्यांतली एकोणतीस नावं आहेत. गावात आज तेवढी घरं नाहीत. तुम्ही दहा मिनिटंही दिली नाहीत."

मी तक्ता उघडला. कारण शोधायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. ती मुख्य ओळ, तो तीसचा आकडा, शेजारी माझ्या नावाची अक्षरं आणि तारीख. तारीख वाचली आणि ती आरामखुर्ची, ती नळी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"ही चूक आहे. माझी," मी म्हणालो.

एतिएन जरा गोंधळले. "चूक? मला वाटलं विनोद आहे. मी विनोदाशी भांडायची तयारी करून आलो होतो."

त्यांना सगळं समजावून सांगितलं. इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, लगेच समजलं. "म्हणजे मुख्य झडप बंद केलीत," ते म्हणाले, आणि पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. बाकीच्या तक्रारी त्यात होत्या. पुढे दोन महिने ते दर मंगळवारी येत राहिले. हुई मिनने शेवटी पाहुण्यांसाठी खुर्ची विकत घेतली.

व्हर्दन दुरुस्त करणं सोपं होतं. चाळीस साल सोपं नव्हतं. मुख्य ओळ परत सत्तरवर नेली की पॅरिस पडत नव्हतं, म्हणून तेव्हा टाळलेलं काम हाती घेतलं: शंभरेक तुकड्या एकेक करून तपासायच्या. एका मंगळवारी मी वैतागून म्हणालो, "मस्यू, काही झालं तरी सहा आठवड्यांत सगळं संपलं, हे तर खरं ना?"

"खरं आहे," ते म्हणाले. "माझे वडील लील शहरात होते. वेढ्यात. चार दिवस. त्यांच्यावर जेवढे जर्मन अडकून पडले तेवढे समुद्रकिनाऱ्याकडे जाऊ शकले नाहीत, आणि तिकडे इंग्रज बोटींत चढले. गोळ्या संपल्या तेव्हा फ्रेंचांनी लढणं थांबवलं. जर्मन सेनापतीने त्यांना बंदुका खांद्यावर घेऊन चौकातून जाऊ दिलं, आणि त्याचे शिपाई सलामी देत उभे राहिले. मग पाच वर्षं कैदेत." त्यांनी वही मिटली. "तुम्ही मला एवढंच सांगा. किती आठवडे लढले असते म्हणजे तुमचं समाधान झालं असतं? आठ? दहा? आकडा सांगा. आकडे तुमचंच काम आहे."

जेवायला जातो असं सांगून खाली उतरलो आणि जेवलो नाही. भर उन्हात रॅफल्स प्लेसपर्यंत चालत गेलो, तिथून सिटी हॉलपर्यंत, तिथून परत. मृणालच्या औषधाच्या सहा फेऱ्या. मग चार. दहा झाल्या. अकरा झाल्या असत्या तर मी 'लढली' म्हणालो असतो का? बारा? माझ्या मनात एखादा आकडा होता का? मी शोधून बघितला. नव्हता. कितीही झाल्या असत्या तरी मी आणखी एक मागितली असती, कारण मला ती हवी होती. त्यात तिच्या धैर्याचा काही संबंधच नव्हता.

ऑफिसात परतलो आणि तक्त्यापुढे बसलो. आमच्या खेळात तुकडीच्या दोनच अवस्था होत्या: लढते आहे, किंवा मोडली. लील दोन्हींत बसत नव्हतं. त्या माणसांचं मनोधैर्य शेवटच्या दिवशीही रेषेच्या वर होतं. संपल्या होत्या त्या गोळ्या. मला तिसरी अवस्था हवी होती. नाव सुचेना, म्हणून साधं लिहिलं: 'थांबली'. गोळ्या संपल्या, वेढा पडला, पण धैर्य रेषेच्या वर असेल, तर पांढरा झेंडा नाही. तुकडी रांगेने नकाशाबाहेर चालत जाईल.

हुई मिनला हे पटेना. "एका लढाईसाठी नवी अवस्था? दोन आठवड्यांचं काम आहे. आणि लोकांना तो फ्रेंच जोक आवडतो. व्हाय यू वॉन्ट टू किल द जोक?"

मी काही बोलण्याआधी हाफिझ म्हणाला, "त्याच महायुद्धात हे बेटसुद्धा शरण गेलंच होतं ना, बॉस. दर फेब्रुवारीला त्या आठवणीत आपण भोंगा वाजवतो. त्यावर कोणी जोक मारत नाही." आणि पुढे, "व्हर्दन मी स्वतः नऊ वेळा खेळलो. नाइन टाइम्स. मी अर्ज भरायला हवा होता."

हुई मिनने आम्हा दोघांकडे बघितलं. "दोन आठवडे," ती म्हणाली. "एक दिवस जास्त नाही."

खेळात दुरुस्ती केली की तिच्याबरोबर बदलांची यादी जाहीर करायची रीत आहे. तिची एक ठरलेली गुळगुळीत भाषा असते: 'फ्रेंच सैन्याचा समतोल सुधारला', असं. मी लिहिलं: 'फ्रेंच सैन्याचे आकडे चुकीचे होते. चूक आमची होती. सैन्य पळत नव्हतं, आम्ही त्याला पळवत होतो.' हुई मिनने ते दोनदा वाचलं आणि फक्त एक स्वल्पविराम काढला.

उरलं होतं ते शेवटचं तपासणं. शनिवार होता, हाफिझची दोन माणसं आजारी, आणि लीलची लढाई कोणीतरी पहिल्यापासून, काहीही माहीत नसताना खेळायला हवी होती. मी इराला विचारलं. ती आता विद्यापीठात आहे, सुट्टी होती. "पेमेंट?" तिने विचारलं. "जेवण," मी म्हणालो. आली.

तीन तास खेळली. मी तिच्या मागे येरझाऱ्या घालत होतो. हाफिझ मला दोनदा म्हणाला, "प्रोफ, सिट डाउन, कॅन?" इरा चांगली खेळते, पूल आधी उडवले, गोळ्या जपून वापरल्या. तरी चौथ्या दिवशी त्या संपल्या. पडद्यावर वेढा आवळला. ती झेंड्याची वाट बघत हात मागे घेऊन बसली. झेंडा आला नाही. लहान लहान शिपाई बंदुका खांद्यावर घेऊन रांगेने निघाले, चौक ओलांडून नकाशाच्या कडेपर्यंत गेले आणि दिसेनासे झाले.

"मी जिंकले?" तिने विचारलं.

"नाही. हरलीस."

"पण हे पळत नाहीयेत."

"नाही. ते थांबले."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने तपासणीचा अर्ज ओढला, 'काय अपेक्षित होतं' या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

जेवायला कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. शनिवारची दुपार, गर्दी, पंख्यांची घरघर. तिने नूडल्स घेतले, मी फक्त कॉफी. बसलो आणि लगेच उठावंसं वाटलं. उठलो नाही. टेबलाची कड धरून म्हणालो, "इरा, त्या दिवशी मी आईला जे बोललो ते चूक होतं. तिने शस्त्रं टाकली नव्हती. ती थांबली होती. मला ती जायला नको होती म्हणून मी तसं बोललो. तू ते ऐकलंस, आणि मी ते कधी परत घेतलं नाही. आता घेतो."

इराने चॉपस्टिक्स ताटलीवर ठेवल्या. मला वाटलं, उठून जाईल.

"बाबा, तिने तुझ्या आधी मला विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय विचारलं होतं?"

"थांबू का म्हणून. आदल्या दिवशी. मी शाळेतून आले तर ती बेडवर बसली होती. म्हणाली, बाबाला उद्या सांगणार आहे, पण आधी तू सांग." ती इंग्रजीत गेली, मग परत मराठीत आली. "मी हो म्हटलं. मी म्हटलं, आई, इनफ ऑलरेडी लाह. मला बघवत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी तू तिला ते बोललास. मी तिथेच होते. मला वाटलं, मी हो म्हटलं हे तुला कळलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "म्हणून मी सगळ्यांना सांगायचे की तिने गिव्ह अप केलं. म्हणजे ते तिचंच राहील. माझं नाही."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी मोठ्याने हसलं. माझी कॉफी तशीच होती. दीड वर्ष मी समजत होतो की ती आईवर रागावली आहे, नाहीतर माझ्यावर. सतराव्या वर्षी तिला तो प्रश्न विचारला गेला होता, आणि मी एकावन्नाव्या वर्षी जे देऊ शकलो नाही ते उत्तर तिने दिलं होतं.

"तू बरोबर बोललीस तिला," मी म्हणालो.

पंख्यांच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही कळेना. ती पुढे झुकली.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.